लोड्झ घेट्टोतील ‘पावत्या’

पोलंडमधील लोड्झ शहराचा ज्यू घेट्टो नाझींनी ३० एप्रिल १९४० रोजी बंद केला. आत सुमारे १,६०,००० माणसे कोंडली गेली. तेथील कागदी चलनावर १५ मे १९४० ही तारीख आढळते. पण त्यावर छापलेला शब्द आहे ‘क्विटुंग’, म्हणजे पावती. पावती कशाची? रहिवाशांनी जमा करावयाच्या खऱ्या मार्कांची. सही जर्मन अधिकाऱ्याची नव्हे, तर ज्यू प्रमुख खाइम रुमकोव्स्की यांची. म्हणून लोक या कागदांना ‘रुमकी’ म्हणत. कुंपणापलीकडे त्यांना कवडीचीही किंमत नव्हती. त्यामुळे चोरून धान्य आणणे जवळजवळ अशक्य झाले. बाहेरच्या विक्रेत्याला देणार तरी काय? ऑगस्ट १९४४ मध्ये रुमकोव्स्कींनाही ऑशविट्झला नेण्यात आले.