पायथनमधील समुच्चय फंक्शन्स : एक संक्षिप्त इतिहास

गुणांच्या यादीची बेरीज करण्यासाठी तुम्ही आज पायथनमध्ये ‘सम’ हे अंगभूत फंक्शन सहज वापरता. परंतु १९९४ मध्ये आलेल्या पायथन १.० मध्ये ते नव्हते. ‘लेन’, ‘मिन’, ‘मॅक्स’ होती; बेरजेसाठी मात्र फॉर लूप लिहावा लागे किंवा ‘रिड्यूस’ला लॅम्डा फंक्शन द्यावे लागे. रिड्यूस सामर्थ्यवान होते, पण त्याने लिहिलेला कोड वाचणे अवघड जाते, असा आक्षेप पायथनचे जनक ग्विडो व्हान रॉसम यांनी पुढे घेतला.

खरा पाया २००१ मध्ये घातला गेला. पायथन २.२ मध्ये इटरेटरची पद्धत आली. ‘पुढचे मूल्य दे’ एवढी मागणी पुरवणारी कोणतीही वस्तू, मग ती लिस्ट असो, डिक्शनरी असो वा फाइल, आता एकाच रीतीने वाचता येऊ लागली. २००३ मध्ये २.३ आवृत्तीत ‘सम’ आले. २००४ मध्ये २.४ ने जनरेटर एक्स्प्रेशन दिले. त्यामुळे लाखो वर्गसंख्यांची बेरीज करताना त्यांची संपूर्ण लिस्ट मेमरीत ठेवण्याची गरज उरली नाही. २००६ मध्ये २.५ सोबत ‘एनी’ आणि ‘ऑल’ आली. उत्तर निश्चित होताच ही दोन्ही पुढचे वाचणे थांबवतात. अखेर २००८ मध्ये पायथन ३.० ने रिड्यूसला अंगभूत फंक्शनांतून काढून ‘फंकटूल्स’ मॉड्यूलमध्ये हलवले.

या सोयीची एक अट तुम्ही लक्षात ठेवा. जनरेटर एकदाच वाचता येतो. त्यावर सम चालवून लगेच मॅक्स चालवलेत, तर व्हॅल्यूएरर येईल, कारण रिकाम्या संग्रहात सर्वांत मोठे मूल्य नसते. (२०१४ च्या ३.४ आवृत्तीपासून ‘डिफॉल्ट’ देऊन हे टाळता येते.) पण दुसऱ्यांदा समच चालवलेत, तर कोणतीही तक्रार न करता ० मिळेल. ऑल तर रिकाम्या संग्रहावर ‘ट्रू’ सांगते. समजा, निकालाची फाइल रिकामी आहे आणि तुम्ही विचारले, ‘सर्व विद्यार्थी उत्तीर्ण आहेत का?’ उत्तर येईल, ‘होय’.

तर्कशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर बरोबर आहे, कारण अनुत्तीर्ण असा एकही विद्यार्थी त्यात नाही. निकाल म्हणून मात्र ते निरर्थक आहे. म्हणून आधी संग्रहात काही आहे का, हे तपासा. एकापेक्षा अधिक फंक्शने चालवायची असतील, तर मूल्ये आधी लिस्टमध्ये साठवा.