काचेचा पेला आणि यवनाची टाकी

मित्राचा फोन आला तेव्हा मी जुन्नरच्या एसटी स्टँडवर उभा होतो. तो म्हणाला, ''शायर, एक काम आहे. तुझ्या गझलेत दर दोन ओळींनी पेला येतो. मला सहा पेले निवडून दे. लाल वाइनचे. चांगले, क्रिस्टलचे.''

मी आधी हसलो आणि मग गप्प झालो. हा मित्र मढचा. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याची आई माळकरी. वडिलांनी हातभट्टीपायी दोन एकर जमीन घालवली, हे साऱ्या गावाला ठाऊक. त्या घरात 'दारू' हा शब्द तीस वर्षांत कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता. आणि आता त्याच घरातला मुलगा नाशिकला वाइनरीत नोकरीला लागला होता. वर्षभर बापलेकांत अबोला होता. हे पेले म्हणजे तो अबोला सोडण्याचा बापाचा मार्ग. फक्त दुकानात जाऊन मागायची त्याला लाज वाटत होती.

लाज मलाही वाटलीच. मी पाच वेळचा नमाजी. पन्नाशी उलटली, पण तो पदार्थ कधी ओठाला लावलेला नाही. जाम, सागर, मीना, पैमाना ही सगळी भांडी माझ्या वहीत आहेत, घरात मात्र पितळेचा तांब्या आणि स्टीलचे पेले. तरी मी हो म्हटलं. न पिणाऱ्यानं पेला निवडायचा, तर निदान त्याची कुळकथा वाचावी, म्हणून पुस्तकं काढून बसलो. पाहतो तो काय, ती कथा आमच्याच डोंगरांपर्यंत येऊन पोचत होती!

इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' नावाचं एक ग्रीक पुस्तक आहे. समुद्रावरून व्यापार करणाऱ्यानं व्यापाऱ्यांसाठी लिहिलेलं. भडोचच्या बंदरात बाहेरून काय माल उतरतो, याची यादी त्यात आहे. तिच्यात द्राक्षाचं मद्य आहे. इटलीचं जास्त पसंत, शिवाय लाओदिकियाचं आणि अरबस्तानातलंही. आणि त्याच यादीत कच्ची काचही आहे. म्हणजे पेय आणि पेल्याचं द्रव्य दोन हजार वर्षांपूर्वी एकाच बंदरात उतरत होतं. याच पुस्तकात पैठण, तगर म्हणजे आपलं तेर, सोपारा आणि कल्याण यांचीही नावं आहेत.

हे मद्य मातीच्या उंच, दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या कुंभांतून यायचं. तशा रोमन कुंभांचे तुकडे नेवाशाच्या उत्खननात सापडले. पूर्वी रोमन समजले गेलेले काही तुकडे इराणच्या आखाताकडच्या, आतून डांबर लावलेल्या रांजणांचे आहेत, असं अलीकडच्या संशोधनात दिसून आलं. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली, तिच्यासोबत मद्य ओतायचा रोमन घाटाचा एक कांस्य चंबूही मिळाला.

आणि जुन्नर? आमच्या मढवरून माळशेज घाटाचा रस्ता कल्याणकडे उतरतो. त्याच सह्याद्रीच्या कड्यावर, थोडा दक्षिणेकडे नाणेघाट. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, त्याला लोक जकातीचा रांजण म्हणतात. या वाटेनं चढून आलेले परदेशी, म्हणजे त्या काळच्या भाषेत यवन, जुन्नरला राहिले. इथल्या बौद्ध लेण्यांत तीन यवन दात्यांचे ब्राह्मी लेख आहेत. चंद नावाच्या यवनानं लेण्याचा दर्शनी भाग दिला. चिट नावाच्या यवनानं भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. आणि इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी खोदून दिली.

श्रोतेहो, इथं मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. ज्यांच्या देशाची गलबतं मद्य घेऊन येत होती, त्यांनी आमच्या डोंगरात आपलं नाव कोरलं ते जेवणाच्या जागेवर आणि पाण्याच्या टाक्यांवर.

आता काचेविषयी. तोंडानं फुंकून काच फुगवायची युक्ती इसवी सनाच्या आधीच्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर निघाली. त्याआधी काचेचं भांडं घडवायला फार वेळ लागायचा. फुंकणीमुळे ते झटपट, पातळ आणि स्वस्त झालं. रोमन लेखक प्लिनी सांगतो की, पिण्याच्या भांड्यांतून काचेनं सोन्याचांदीला हुसकावून लावलं.

'क्रिस्टल' हे नाव मात्र पुष्कळ पुढचं आणि थोडं फसवं. क्रिस्टल म्हणजे स्फटिक. काचेची अंतर्गत रचना स्फटिकाची नसतेच. स्फटिकासारखी स्वच्छ दिसते, म्हणून हे नाव. लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टनं १६७४ मध्ये नव्या काचेचं पेटंट घेतलं, आणि पुढच्या काही वर्षांत तिच्यात शिशाचं ऑक्साइड घालून ती टिकाऊ केली. शिशानं काच जड होते, जास्त चमकते, नक्षी कापायला मऊ पडते आणि टिचकी मारली की गोड, लांब नाद देते. युरोपात १९६९ साली नियम झाला : शिशाचं ऑक्साइड २४ टक्के असेल तर लेड क्रिस्टल, ३० टक्के असेल तर फुल लेड क्रिस्टल.

पण शिसं ते शिसंच. शिशाच्या क्रिस्टलमध्ये मद्य महिनोन्‌महिने साठवलं तर शिसं त्यात उतरतं, असं १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं. पेल्यात घटकाभर असलेल्या वाइनचा प्रश्न त्या मानानं लहान. तरी आता जस्त, बेरियम किंवा टायटॅनियम वापरून बिनशिशाचं क्रिस्टल करतात. मी मनाशी ठरवलं, घ्यायचं ते बिनशिशाचं.

आपला पुणे जिल्हाही काचेच्या इतिहासात मागं नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग काढायची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिलं. त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना सुरू झाला. परदेशात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो उभा केला. पुढं १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील घरोघर गेला. माझ्या लहानपणी घरातली सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे कंदिलाची काच. संध्याकाळी आई तिच्यात 'हा' करून श्वास सोडायची आणि फडक्यानं पुसायची.

द्राक्षाची वाइनही आमच्या तालुक्याला नवी नाही. नारायणगावजवळ १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फेसाळ वाइन काढली. परदेशात ती 'ओमर खय्याम' या नावानं विकली गेली. कवीचं नाव बाटलीवर! पुढं ती कंपनी टिकली नाही. राज्य शासनानं २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिक पुढं गेलं. मित्राच्या मुलाची नोकरी त्यातूनच आलेली.

एवढं वाचून मी पुण्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं आधी नक्षीचे, जड पेले पुढं केले. मी म्हटलं, ''साधे दाखवा.'' वाइनचा रंग दिसायला काच कोरी हवी. लाल वाइनसाठी पोट मोठं हवं, म्हणजे तिला हवा लागते. तोंड पोटापेक्षा अरुंद हवं, म्हणजे वास आत राहतो. पेला भरायचा तो तिसरा हिस्साच. काठ पातळ हवा, ओठाला गोट लागता कामा नये. आणि खाली दांडी हवी, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. अमुक आकारानं वाइन जिभेच्या अमुक भागावर पडते आणि म्हणून गोड लागते, असंही दुकानदार म्हणाला. मी ऐकून घेतलं. जिभेचे असे कप्पे नसतात, सगळ्या चवी सगळीकडे कळतात, हे शास्त्रानं कधीच सांगितलंय. मी टिचकी मारून, उजेडात धरून सहा पेले निवडले. पावतीवर नाव विचारलं तेव्हा क्षणभर अडखळलो. मग पूर्ण नाव सांगितलं.

खोकं घेऊन मढला गेलो. मुलगा सुटीवर आला होता. बाप त्याच्याकडे न बघता म्हणाला, ''तुझ्यासाठी आणलेत.'' मुलानं एक पेला काढला, दांडीला धरून उजेडात फिरवला आणि म्हणाला, ''काका, बरोब्बर निवडलेत.'' घरात बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग म्हातारी आतून आली. जिच्या संसाराची निम्मी माती बाटलीनं केली, ती. तिनं पेला हातात घेतला, आत 'हा' करून श्वास सोडला आणि पदरानं पुसला. अगदी कंदिलाची काच पुसावी तसा. म्हणाली, ''लई नाजूक हाय रं. फुटंल.''

''जपून वापरीन, आजी,'' नातू म्हणाला. ''आणि जपून पीन.''

म्हातारीनं त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग माठाकडे गेली, त्याच पेल्यात पाणी भरलं आणि पहिला माझ्या हातात दिला. ''उन्हातनं आलायस, घे आधी.''

काठ खरोखरच पातळ होता. पाणी गार लागलं.