कोसाच

कोसाच : युक्रेनमधील एक आडनाव व साहित्यिक घराणे. घराण्याचे पूर्वज चेर्निहिव प्रांतातील कोसॅक अधिकारी. हर्झगोव्हिनातील कोसाचा सरदारांशी नाते सांगणारी कौटुंबिक परंपराही आहे. ती परंपरा म्हणूनच घ्यावी. घराण्यातील थोर लेखक टोपणनावांनीच प्रसिद्ध असल्याने हे आडनाव वाचकांना फारसे परिचित नाही.

कायद्याचे पदवीधर व सरकारी अधिकारी प्येत्रो कोसाच यांच्या पत्नी ओल्हा (१८४९–१९३०) या विचारवंत मिखाइलो द्राहोमानोव यांच्या भगिनी. ‘ओलेना प्चिल्का’ या नावाने त्यांनी कथा, कविता लिहिल्या, लोकभरतकामाच्या नमुन्यांचा संग्रह केला आणि १८८७ मध्ये नतालिया कोब्रिन्स्का यांच्यासह ल्विव येथे स्त्रीलेखनाचे संकलन प्रसिद्ध केले. रशियन साम्राज्यात १८७६ च्या फर्मानाने युक्रेनियन छपाईवर कडक निर्बंध आले असताना त्यांनी मुलांना हट्टाने घरीच, मातृभाषेत शिकवले. घराण्याचे साहित्य मुख्यतः या हट्टाचे फळ आहे.

कन्या लारिसा (१८७१–१९१३) म्हणजेच लेस्या उक्राइन्का. नऊ वर्षांच्या सुमारास तिने पहिली कविता लिहिली, ती आत्या ओलेना कोसाच हिच्या हद्दपारीने व्यथित होऊन. हाडांच्या क्षयाने आयुष्यभर पिडलेल्या या कवयित्रीने नाट्यकाव्याला युक्रेनियन साहित्यात उंची दिली. ‘लिसोवा पिस्न्या’ (१९११) हे तिचे सर्वांत लोकप्रिय नाटक. मात्र ट्रॉयच्या कथेवरचे ‘कासान्द्रा’ वैचारिकदृष्ट्या अधिक धारदार आहे. धाकट्या भावंडांसाठी तिने पौर्वात्य राष्ट्रांचा प्राचीन इतिहास लिहिला, तसेच ऋग्वेदातील काही सूक्ते युक्रेनियनमध्ये आणली. थोरला भाऊ मिखाइलो (१८६९–१९०३) हा पेशाने भौतिकशास्त्रज्ञ. ‘ओबाच्नी’ या नावाने तो कथा लिही. गोगोलच्या कथांची या भावंडांनी केलेली भाषांतरे १८८५ मध्ये ल्विवला छापली गेली.

आडनाव न लपवता लिहिणारा महत्त्वाचा लेखक म्हणजे लेस्याचा भाचा, कादंबरीकार युरी कोसाच (मृ. १९९०). दुसऱ्या महायुद्धानंतर तो अमेरिकेत स्थायिक झाला. पुढे त्याने सोव्हिएत राजवटीकडे झुकणारी भूमिका घेतल्याने स्थलांतरित युक्रेनियन समाजाने त्याला दूर ठेवले. त्याच्या गद्याचे मोल मात्र त्या वादाने कमी होत नाही.

लेस्याची बहीण ओल्हा कोसाच-क्रिविन्यूक हिने रचलेला लेस्याच्या जीवनाचा व लेखनाचा कालपट १९७० मध्ये न्यूयॉर्क येथे मरणोत्तर प्रसिद्ध झाला. या घराण्याच्या अभ्यासकाने आरंभ तेथूनच करावा.