खण

यंदा दसरा उलटला आणि आमच्या भाईंदरच्या घरात एका कपाटावरून तीन पिढ्यांचा वाद सुरू झाला. शेजघरात एक खणांचे कपाट घ्यायचे, ज्याला दुकानदार ‘ड्रेसर’ म्हणतात, ते कसे असावे एवढाच प्रश्न. मुलीला मोठा आरसा हवा होता, यजमानांना किंमत कमी हवी होती आणि मला तपासायच्या वह्या ठेवायला एक खण हवा होता. सासूबाई दोन दिवस काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता त्यांनी हळूच विचारले, “त्यात माझा खण कोणता गं?”

प्रश्न साधा होता. पण तो ऐकून मी चपापले. पंचेचाळीस वर्षे ज्या बाईने हा संसार सांभाळला, तिची स्वतःची म्हणून या घरात जागा किती? पलंगाखालची एक पत्र्याची ट्रंक! मी पेशाने शिक्षिका, त्यातून इतिहास शिकवणारी. तेव्हा मनाशी म्हटले, कपाट घेण्याआधी कपाटाची बखर तर चाळून पाहू.

सुरुवात शब्दापासूनच करावी लागेल, कारण ‘खण’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. कपाटाचा कप्पा म्हणजे खण. जुन्या घरात दोन खांबांमधली जागा म्हणजेही खण. म्हणून तर आपले आजोबा-पणजोबा ‘तीन खणी घर’, ‘पाच खणी माडी’ असे म्हणत. आणि बाईच्या ओटीत घालतात तो चोळीचा तुकडा, तोही खणच. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या मागांवर विणलेले हे खण महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांच्या अंगावर चढले असतील याची गणती नाही. घर, कप्पा आणि चोळी या तिन्हींना एकच शब्द! पण या तीन खणांपैकी पहिला पुरुषाच्या नावावर असे, दुसरा बहुधा नसेच, आणि तिसरा तेवढा बाईचा.

दुसरा नसे, हे जरा समजावून सांगायला हवे. आपल्याकडे शेजघराची सजावट नव्हती असे नाही. वात्स्यायनाने सुमारे सोळा-सतरा शतकांपूर्वी रसिक नागरकाच्या शयनगृहाचे वर्णन केले आहे. पलंगाच्या उशाशी एक बैठक. तिच्यावर उटी, फुलांच्या माळा, मेणाची डबी, सुगंधाची पुडी, महाळुंगाची साल आणि विडे. भिंतीतल्या खुंटीवर वीणा टांगलेली. या खुंटीला संस्कृतात ‘नागदंत’ असे भारदस्त नाव आहे. आजच्या ड्रेसरवर तेलाची बाटली, पावडरीचा डबा आणि अत्तराची कुपी मांडतो, तीच ही मांडणी! पण ती मांडणी नागरकाची, म्हणजे पुरुषाची. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात पाचव्या शतकातल्या चित्रकाराने हातात आरसा धरून शृंगार करणारी राजकन्या रंगवली आहे. तिच्याजवळ कपाट नाही. शृंगाराचे तबक घेऊन दासी उभी आहे. राजकन्येचा ड्रेसर म्हणजे दासीचे दोन हात. दासीची फणी कुठे ठेवली होती, हे मात्र चित्रकाराने सांगितलेले नाही.

मराठी घरात पुढे कोनाडा आला, भिंतीतले फडताळ आले. पण कपडे राहिले दांडीवर, वलणीवर, खुंटीला आणि गाठोड्यात. ठेवणीतले लुगडे पेटाऱ्यात किंवा संदुकीत. आणि बायकोची खरी स्वतःची वस्तू कोणती, तर फणी-करंड्याची पेटी. झाकणाच्या आत ऐना, खाली लहान लहान कप्पे. एकात कुंकू, एकात मेण, एकात फणी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात असे करंडे आणि आरसे पाहताना माणसे नक्षीचे कौतुक करतात. मला तिथे वेगळेच वाटले. वाड्याचे चौक मोठाले, दिवाणखाने मोठाले, आणि तिथल्या गृहिणीचे खाजगी राज्य वीतभर लांबीचे!

आता आमच्या भाईंदरकडे येऊ, कारण कपाटाच्या कथेत या गावाचाही एक धागा आहे. खाडीच्या पलीकडे वसई. १५३४ साली ती पोर्तुगीजांकडे गेली आणि साष्टीचा हा मुलूखही त्यांच्या ताब्यात आला. समुद्राकडच्या टेकडीवरचा धारावीचा किल्ला मराठ्यांनी १७३९ साली जिंकला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. फिरंगी गेले, पण त्यांचे शब्द आपल्या घरात असे मुरले की ते परके आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘चावी’ त्यांची. हिंदीतून आपल्याकडे आलेली ‘अलमारी’ही मूळची त्यांचीच. फीत आणि सदऱ्याचे काजसुद्धा त्यांचेच. टाळे आपले जुने, कुलूप अरबीतले आणि चावी पोर्तुगालची. एवढ्या भाषांनी मिळून आपण एक कपाट बंद करतो!

गंमत अशी, की पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातले सुतार पुष्कळ खणांची सुरेख कपाटे घडवत. सागवानावर शिसवीची आणि हस्तिदंताची नक्षी. ती जहाजांत बसून लिस्बनला जात, आणि आज युरोपातल्या संग्रहालयांत ती मानाने मांडलेली आहेत. खण करण्याची कला आपल्या सुतारांच्या हातांत होती. पण खण भरत होते दुसऱ्यांचे.

युरोपातही सामान्य माणसाकडे आधी पेटीच होती. पेटीचा एक दोष कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे: हवी ती वस्तू नेमकी तळाशी असते, आणि ती काढायला वरचा सगळा संसार बाहेर काढावा लागतो. म्हणून तिथल्या सुतारांनी पेटीच्या तळाशी एक ओढायचा खण बसवला. मग दोन झाले. सतराव्या शतकात पेटीचे झाकणच गेले आणि सगळे खणच राहिले. १७०८-०९ च्या सुमारास बूल नावाच्या कारागिराने फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या त्रियानों महालासाठी अशी दोन कपाटे केली. त्या जातीच्या कपाटाला फ्रेंच लोक ‘कमोड’ म्हणू लागले. त्याचा अर्थ ‘सोयीचे’. हा शब्द पुढे शेजघरातून न्हाणीघरात कसा गेला, ते सांगायला नकोच! ‘ड्रेसर’ची कथाही तशीच. तो मूळचा स्वयंपाकघरातला, अन्नाची सिद्धता करण्याचा ओटा. अमेरिकेत पोहोचल्यावर तो शेजघरात शिरला आणि त्याच्यावर आरसा चढला.

आपल्याकडे मात्र खणाच्या आधी ट्रंक आली. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला गेला आणि कोकणातून, घाटावरून माणसे मुंबईकडे निघाली. चाळीच्या एका खोलीत अनेक गडी राहत. प्रत्येकाचे घर म्हणजे त्याची पत्र्याची ट्रंक. तिच्यात धुतलेला सदरा, गावाकडची पत्रे आणि देवाची तसबीर. गावी राहिलेल्या बायकोची ट्रंक निराळी. ती माहेराहून आलेली, झाकणावर गुलाबाची फुले रंगवलेली.

याच मुंबईत आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा उद्योग सुरू केला, आणि १९२३ पासून त्यांच्या कारखान्यात पोलादी कपाटे होऊ लागली. स्वातंत्र्यानंतरच्या मध्यमवर्गीय घरात हे कपाट म्हणजे प्रतिष्ठा. ते लग्नात आले की शेजारणी बघायला येत. त्याच्या आत आणखी एक चोरकप्पा असे आणि त्यात दागिने. पण सगळ्यांत मोठा प्रश्न हा, की किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला? सासूच्या. मग सुनेच्या. आणि सून सासू होईपर्यंत तिचे केस पांढरे झालेले असत.

शास्त्रात स्त्रीधन होते. मनूने त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकीण केले. मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि सगळ्या देशाने २००५ साली दिला. कायद्याने पहिला खण, म्हणजे घराचा, मोकळा केला. पण कपाटातला दुसरा खण कायद्याने मिळत नाही. तो घरातल्या माणसांनी द्यायचा असतो.

एवढी बखर चाळून झाल्यावर मी मोजपट्टी घेऊन उभी राहिले. आमचे भाईंदर एके काळी मिठागरांचे आणि आगरी-कोळ्यांचे गाव. १९८५ साली मिरा-भाईंदरची नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका, आणि २०११ च्या जनगणनेत वस्ती आठ लाखांवर गेली. एवढी माणसे राहायची म्हणजे शेजघरे काडेपेटीसारखीच असणार. म्हणून नुसते कपाट मावते की नाही हे पाहून भागत नाही. खण पूर्ण ओढल्यावर त्याच्यापुढे माणूस वाकू शकेल का, हे पाहायला हवे. आणि जिना व दाराची चौकट आधी मोजायला हवी. खाडीची हवा खारट आणि दमट. तिच्यात भुश्याची दाबलेली फळी ओल धरून फुगते आणि खण अडकून बसतो. पत्र्याला गंज चढतो. आम्ही साग घेतला, खर्च सोसून. फळ्यांची टोके एकमेकांत गुंतवलेली आहेत ना, की नुसते खिळे ठोकले आहेत, हे खण बाहेर काढून पाहिले. भिंतीपासून चार बोटे जागा हवेसाठी सोडली आणि कपाट भिंतीला पट्टीने जखडून टाकले; कारण एकदम तीन खण ओढले की कपाट पुढे कलते, आणि घरात पाहुण्यांची पोरे असतात.

लावण्याचेही एक शास्त्र आहे. जड ते खाली, रोजचे मधे. पैठणीची घडी वर्षातून दोनदा मोडून निराळी घालावी, नाहीतर घडीवरच रेशीम फाटते. जरीजवळ डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत, जर काळी पडते. त्यापेक्षा मलमलीच्या पुरचुंडीत वेखंड बरे. आणि सगळ्यांत वरचा खण त्याला द्यावा, ज्याला वाकता येत नाही.

वरचा खण सासूबाईंना दिला. धनत्रयोदशीच्या आदल्या दुपारी त्यांनी ट्रंक पलंगाखालून ओढायला लावली आणि एकेक वस्तू त्या खणात लावू लागल्या. सासऱ्यांची चार पत्रे, चांदीचा करंडा आणि खाली अकरा खण. हिरवे, अंजिरी, एक काळा चंद्रकळेचा. एकही शिवलेला नाही. सासरे गेल्यावर लोकांनी त्यांची ओटी भरणे थांबवले, तेव्हापासून त्यांत भर पडलेली नव्हती.

“शिवले का नाहीत हो, आई?” मी विचारले.

“शिवला की तो ब्लाऊज होतो,” त्या म्हणाल्या. “तसाच राहिला की कोणी दिला ते आठवते.”

मग त्यांनी खण आत ढकलला. नव्या लाकडाचा तो अगदी अलगद गेला. चावी कुलपात तशीच होती. मी म्हटले, “कुलूप लावायचे का?”

“छे, आपल्याच घरात कुलूप कशाला?” असे म्हणून त्यांनी चावी काढून घेतली, पदराच्या टोकाला तिची गाठ मारली आणि त्या फराळाची चकली तळायला उठल्या.