परमुलखातील बिऱ्हाड

बंगळूरच्या जुन्या पेठेतून पूर्वेस होसकोट्याकडे निघालेला मनुष्य ज्या मुलखातून जातो, त्याच मुलखात आजचा महादेवपुरा वसला आहे. आणि वरथूर, हुडी, काडुगोडी ही तेथील जुनी खेडी आता उत्तुंग इमारतींच्या आड गेली असली, तरी बाहेरून आलेल्यांना ठाव देण्याचा या प्रदेशाचा परिपाठ साडेतीनशे वर्षांहून जुना आहे. १६३८ साली सेनापती रणदुल्लाखानाच्या स्वारीत स्थानिक नायक केंपेगौडांचे बंगळूर आदिलशाहीच्या ताब्यात आले, आणि ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत पडले; होसकोटे, कोलार, शिरे हे प्रांतही त्याच जहागिरीत मोडत. शिलेदारांच्या मागोमाग कारकून आले, कारागीर आले, आणि स्वारीपुरता पडलेला तळ पाहता पाहता बिऱ्हाड झाला.

हे बिऱ्हाड तेथे रुजले कसे, याचे उत्तर केवळ तलवारीत शोधणे मला अपुरे वाटते. शहाजीराजांच्या दरबारी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केले. त्यात नाना भाषांचे कवी एकाच दरबारात आपापल्या वाणीने राजाचे गुणगान करताना दिसतात. त्याहूनही बोलका पुरावा मल्लेश्वरम येथील काडु मल्लेश्वराच्या देवालयाजवळचा, १६६९ सालचा शिलालेख होय. बंगळूरच्या महानाडाने, म्हणजे तेथील प्रमुख रहिवाशांच्या सभेने, विनंती केली आणि शहाजीपुत्र एकोजीराजांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव त्या देवास इनाम दिले, असा त्यातील मजकूर आहे. देणारा मराठा, मागणारे स्थानिक रयतेचे मुखत्यार, देव त्या भूमीचा आणि लेख कन्नड! परमुलखात आलेल्या सत्ताधीशाने तेथील लोकांच्या देवळात, त्यांच्या भाषेत आणि त्यांच्याच शब्दाला मान देऊन आपले नाव कोरून घ्यावे, यापरते रुजण्याचे लक्षण मला तरी दुसरे ठाऊक नाही.

पुढे १६८७ साली मोगलांनी बंगळूर घेतले आणि लगोलग ते म्हैसूरच्या चिक्कदेवरायांच्या हाती गेले. जहागीर संपली, पण माणसे राहिली. म्हैसूरच्या दफ्तरात मराठी हिशेब एकोणिसाव्या शतकापर्यंत चालत होते, आणि गवीपुरम येथील गोसावी मठ आजही तेथील मराठा समाजाचे श्रद्धास्थान आहे. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड अशी दुहेरी संसारभाषा या कुटुंबांनी पिढ्यानुपिढ्या सांभाळली.

याच्या उलट वृत्तांत महादेवपुऱ्याच्या पोटातील व्हाइटफील्डचा आहे. १८८२ साली म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वोडेयर यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन असोसिएशनला शेतीच्या वसाहतीसाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली, आणि असोसिएशनचे संस्थापक डी. एस. व्हाइट यांचे नाव त्या गावास पडले. मध्ये वर्तुळाकार मैदान आणि सभोवती घरांची कडी, अशी त्याची आखणी होती. इनर सर्कल हे नाव त्या ठिकाणी अजून चालते. परंतु ज्या समाजाची तरुण पिढी रेल्वेत, तारखात्यात आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीत चाकरी शोधत होती, तिला नांगराने बांधून ठेवणे कोणत्याही सनदेला साधणारे नव्हते. म्हणून ती वसाहत शेतकऱ्यांची न होता पेन्शनरांची झाली, आणि जी टिकली ती मुख्यतः प्रार्थनामंदिर व आपसांतील मेळे यांच्या आधारावर. जमीन दिली म्हणजे आश्रय पुरा होत नाही, हे त्या उदार राजास कळण्यासारखे नव्हते, यात त्याचा दोष नाही.

जमिनीपलीकडचा आश्रय कसा असतो, याचे उदाहरण परदेशात सापडते. जपानातील हमामात्सु नगरीने १९९० नंतर कारखान्यांत आलेल्या ब्राझीलवासी कुटुंबांचा अनुभव घेऊन, २००१ साली अशाच इतर नगरांना जमवून मुलांच्या शिक्षणाचा व विम्याचा प्रश्न केंद्र सरकारपुढे मांडला. नगरपालिकेने परकीयास आपला रहिवासी मानून त्याची वकिली करावी, ही गोष्ट मला अत्यंत आदरणीय वाटते.

महादेवपुऱ्यात आज तशी वकिली करणारे कोणी नाही. १९९४ नंतर सिंगापूरच्या सहकार्याने तेथे आंतरराष्ट्रीय तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि देशोदेशीचे कर्मचारी आले, त्यांत पुण्या-नागपूरचे मराठी तरुणही पुष्कळ. त्यांच्याजवळ ना इनाम ना सनद. अकरा महिन्यांचा भाडेकरार एवढाच त्यांचा दस्तऐवज. गृहसंकुलाच्या सभागृहात वर्गणी काढून गणपती बसतो, आरतीला कन्नड व तमिळ शेजारी टाळ्या धरतात, आणि प्रसादाची वाटी हातात असतानाच डॉक्टर कोठला, शाळा कोणती, स्वयंपाकाला बाई कोण, याची चौकशी उरकते. नवख्याला खरा आधार मिळतो तो या घटकेस. मात्र त्यातील बहुतेकांना गवीपुरमचा मठ ठाऊक नाही आणि मल्लेश्वरमचा शिलालेखही ठाऊक नाही. शहराच्या त्या जुन्या टोकास राहणारे, तीन शतके कन्नड बोलत आलेले मराठी वडीलधारे जर गणेशोत्सवाच्या एखाद्या संध्याकाळी महादेवपुऱ्यात बोलावले गेले आणि त्यांनी या पोरांना कन्नडचे पहिले धडे दिले, तर भाड्याच्या त्या घरांत काही माणसे कायमची राहतील, अशी माझी आशा आहे.