तापलेल्या एंजिनाची परीक्षा

भर रस्त्यांत मोटार तापून बंद पडली म्हणजे आपल्याकडे पहिला उपचार ठरलेला असतो. पुढचें झांकण उघडावयाचें, रेडिएटरची टोपी काढावयाची आणि हाताशीं असेल तें पाणी आंत ओतावयाचें. निदान करण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं. या संवयीस अडाणीपणा म्हणून हंसणें सोपें आहे. परंतु तिचा इतिहास पाहिला म्हणजे असें दिसून येतें कीं, एके काळीं हाच उपचार सर्वस्वी योग्य होता. यंत्र बदललें, संवय मात्र राहिली. हा बदल कसा घडला, तेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

मूळ गोष्ट मोटारीहूनहि जुनी आहे. सादी कार्नो या फ्रेंच एंजिनिअरानें १८२४ सालीं असें दाखविलें कीं, उष्णता उष्ण जागेकडून थंड जागेकडे गेल्यावांचून तिच्याकडून काम करून घेतां येत नाहीं. पेट्रोलच्या एंजिनांत जळणाच्या उष्णतेचा सुमारें पाव ते तृतीयांश भागच कामीं येतो. उरलेली उष्णता धुराच्या नळीवाटें आणि सिलिंडरच्या भिंतींतून बाहेर पडते. यांपैकीं दुसरी वाट अडली कीं एंजिन तापतें. तेव्हां तापलेल्या एंजिनाची परीक्षा म्हणजे उष्णता नेमकी कोठें अडली, या एकाच प्रश्नाचा शोध होय.

कार्ल बेंझनें १८८६ सालीं ज्या तीनचाकी गाडीचें पेटंट घेतलें, तिच्यांत सिलिंडरभोंवतीं पाणी असे, तें उकळे आणि वाफ होऊन निघून जाई. ऑगस्ट १८८८ मध्यें त्याची पत्नी बेर्था ही ऑयगेन व रिचर्ड या दोघां मुलांस घेऊन, नवऱ्यास न विचारतां, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरीं निघाली. वाट सुमारें १०५ किलोमीटरांची. या प्रवासाची गोष्ट पुष्कळांनीं वाचली असेल: जळणाची नळी तुंबली ती बाईंनीं टोपीच्या टांचणीनें मोकळी केली, उघडी पडलेली विजेची तार पायमोज्याच्या बंदानें झांकली, आणि जळण वीस्लोखच्या औषधांच्या दुकानांतून विकत घेतलें. पण आमचें लक्ष वेधतें तें निराळ्याच गोष्टीकडे. त्या दिवशीं गाडीस जागोजाग पाणी पाजावें लागलें आणि त्यास कोणीं बिघाड म्हटलें नाहीं. घोड्यास पाणी दाखवावें तसाच तो प्रकार होता. पाणी हा त्या यंत्राचा आहार होता.

हें चित्र पालटलें तें विल्हेल्म मायबाखच्या हातून. एमिल येलिनेक या धनिक व्यापाऱ्याच्या आग्रहावरून डाइम्लर कारखान्यानें जी गाडी बांधली आणि जिला त्याच्या मुलीचें मर्सिडीज हें नांव मिळालें, तिनें मार्च १९०१ मध्यें नीस येथील शर्यती गाजविल्या. तिच्या रेडिएटरांत मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणें ८०७० बारीक चौकोनी नळ्या रचलेल्या होत्या. मागें पंखा, आणि सगळें मिळून पाणी अवघें ९ लिटर! तेंच पाणी एंजिनांतून तापून यावयाचें, वाऱ्यानें निवावयाचें आणि पुन्हां आंत जावयाचें. पाणी आतां आहार राहिलें नाहीं, तें हमाल झालें. आणि हमाल वाटेंत नाहींसा होऊं लागला तर त्याची चौकशी करावयास हवी. नुसता नवा हमाल लावून भागत नाहीं.

तथापि लोकांस हें लवकर उमगलें नाहीं, आणि त्यांचा दोषहि नव्हता. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडींत, आरंभींच्या सुमारें अडीच हजार गाड्या सोडल्यास, पाण्याचा पंपच नसे. गरम पाणी हलकें होऊन वर चढतें व थंड पाणी खालीं उतरतें, एवढ्यावरच सारें चाले. त्यांत पातळी वरच्या नळीच्या खालीं गेली कीं उरलेलें पाणी असूनहि त्याचा फेरा थांबे. अशा वेळीं तांब्याभर पाणी ओतलें कीं गाडी खरोखरच चालूं लागे. गुण येणाऱ्या औषधाबद्दल शंका कोणी घ्यावी?

आपल्या घाटांनीं तर ही संवय पक्की केली. बोरघाटाचा रस्ता १८३० सालीं खुला झाला तो बैलगाड्या व घोडागाड्या यांच्यासाठीं. विसाव्या शतकांत मोटारी तो चढूं लागल्या तेव्हां एंजिन जोरानें फिरे, गाडी मात्र संथ चाले, आणि पाठीमागून वारा असला तर रेडिएटरास हवाच मिळत नसे. त्यांतून उंचीवर पाणी लवकर उकळतें. महाबळेश्वरीं सुमारें ९५ अंशांवरच.

पुढें कारागिरांनीं पाणी दाबाखालीं कोंडलें. नेहमींच्या हवेच्या जोडीस तितकाच आणखी दाब दिला तर पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. येथें जुना उपचार घातक ठरला. तापलेल्या रेडिएटरची टोपी उघडतांच दाब उतरतो, आंतलें पाणी एका क्षणांत उकळतें आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर उडतें. तापल्या बिडाच्या एंजिनांत गार पाणी पडलें तर त्यास तडाहि जाते. म्हणून आधीं थांबावें, निवूं द्यावें आणि मग विचारावें.

विचारण्यासारखें पुष्कळ असतें. उभी असतांना तापणारी आणि धांवतांना निवणारी गाडी बहुधा पंख्याकडे बोट दाखविते; वेगांत तापणारी गाडी तुंबलेल्या रेडिएटराकडे किंवा दुबळ्या पंपाकडे. वरची नळी कढत आणि खालची गार असेल, तर पाण्याची वाट रोखणारी थर्मोस्टॅटची झडप मिटलेली राहिली असावी. तेल दुधाळ झालें असेल, तर पाणी एंजिनाच्या पोटांत शिरलें आहे. बंद पडण्याचेहि प्रकार आहेत. जुन्या गाड्यांत पुष्कळदां पेट्रोलच नळींत वाफ होऊन अडे. अर्ध्या तासानें गाडी आपोआप सुरू होई. परंतु तेल पातळ होऊन फुगलेला पिस्टन सिलिंडरांत आवळला गेला, तर हँडल फिरतच नसे. रस्त्यावर दोन्ही प्रकार सारखेच दिसत. खर्चांत मात्र जमीनअस्मानाचें अंतर.

१९१२ सालीं बॉइस या अमेरिकन गृहस्थानें रेडिएटरच्या टोपींतच उष्णमापक बसविण्याचें पेटंट घेतलें, आणि चालकास बसल्या जागेवरून ताप दिसूं लागला. पण तो मापक पाण्यावरची वाफ मोजी, पाणी नव्हे. आज त्याची जागा पाण्यांत बुडवलेल्या विजेच्या मापकानें घेतली आहे. नळी फुटून पाणी ओसरलें आणि तो मापक कोरडा पडला, तर समोरचा काटा खालीं उतरूं शकतो. आणि एंजिन निवलें अशा समजुतीनें चालक गाडी तशीच पुढें हांकतो.