यंत्र आले की वाद आलाच

आमच्या चाकुरात सध्या दोन पक्ष आहेत आणि त्यांचा निवडणुकीशी काही संबंध नाही. एक विजेच्या गाडीचा, दुसरा पेट्रोलच्या गाडीचा. चहाच्या हॉटेलात, केस कापण्याच्या दुकानात, एस.टी.च्या थांब्यावर, कोठेही चार माणसे जमली आणि पाऊसपाण्याचे बोलून झाले, की हा विषय निघतो. पहिला पक्ष म्हणतो, किलोमीटरला पैसे किती पडतात ते आधी बघा. दुसरा म्हणतो, लातूरला जाताना मध्येच बॅटरी बसली तर ढकलायला कोण येणार ते आधी सांगा. अलीकडे यात तिसरा विषय मिसळला आहे. तो म्हणजे विचारले त्याचे उत्तर देणारा आणि सांगितला तो निबंध लिहून देणारा संगणक. तो आल्यावर मास्तर लोकांची गरज उरणार नाही, असे मला तोंडावर सांगून मंडळी वर मलाच चहा पाजतात. मी शाळामास्तर आणि जोडीला कादंबऱ्या लिहिणारा. तेव्हा हा संगणक माझ्या दोन्ही धंद्यांवर एकदमच उठला आहे, असे म्हटले पाहिजे.

हा वाद मला गमतीचा वाटतो, पण पोरकट वाटत नाही. कारण तो आजचा नाही. ज्या शंका आज हॉटेलात ऐकू येतात, त्या जवळजवळ त्याच शब्दांत आपल्या आजोबा-पणजोबांनी काढलेल्या आहेत. त्या वेळी कोणाचे खरे ठरले आणि कोणाचे खोटे, हे पाहिले तर आजच्या भांडणालाही थोडी दिशा येईल, एवढ्याच हेतूने हा जुना जमाखर्च मांडतो आहे.

पहिली गोष्ट ही, की विजेची गाडी नवी आणि पेट्रोलची जुनी ही आपली समजूतच उलटी आहे. गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच गृहस्थाने १८८१ मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर विजेवरची तीनचाकी चालवून दाखविली. कार्ल बेंझने आपल्या मोटारीचे पेटंट घेतले ते १८८६ मध्ये. लंडनमध्ये १८९७ साली विजेच्या भाड्याच्या गाड्या धावत होत्या. जमिनीवरील वाहनाने तासाला शंभर किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला तो १८९९ मध्ये, आणि तोही विजेच्या गाडीने. कामीय जेनात्झी हा बेल्जियन तिचा चालक होता आणि गाडीच्या फ्रेंच नावाचा अर्थ होता ‘कधीच संतुष्ट नसलेली’. मनुष्यजातीच्या स्वभावाला याहून नेमके नाव सापडणे कठीण!

त्या काळी अमेरिकेतल्या मोटारींत विजेच्या गाड्यांचा वाटा मोठा होता. पेट्रोलची गाडी धूर ओके, आवाज करी आणि समोर उभे राहून हँडल मारल्याखेरीज चालू होत नसे. ते हँडल उलटे फिरले तर मनगट मोडे. गंमत अशी, की ज्या हेन्री फोर्डने पेट्रोलची मोटार घरोघर नेली, त्याची पत्नी क्लारा स्वतः विजेची मोटार चालवीत असे. मग विजेची गाडी हरली कशी? फोर्डची स्वस्त मोटार १९०८ मध्ये आली, टेक्सासमध्ये खनिज तेलाचे साठे सापडले होते, आणि १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत बसला. हँडल गेले. विजेच्याच एका लहानशा मोटरने विजेच्या मोटारीचा गळा कापला, तो घरभेदीपणा असा. राहिलेली उणीव बॅटरीची. शिशाची जड बॅटरी थोडक्या अंतरात दम टाकी. लिथियमची हलकी बॅटरी बाजारात आली ती १९९१ मध्ये. म्हणजे हॉटेलातला तो ‘मध्येच बसली तर?’ हा प्रश्न सव्वाशे वर्षांचा म्हातारा आहे, आणि तो कधीच खोटा नव्हता.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मुंबईत ९ मे १८७४ रोजी ट्राम सुरू झाली, ती घोड्यांची. कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते म्हणतात. नऊशे घोडे म्हणजे मोतद्दार आले, नालबंद आले, चारा विकणारे आले, आणि त्या सर्वांच्या चुली आल्या. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली आणि घोड्यांचे दिवस भरले. पुढे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी धावली. १९६२ पासून १९७१ पर्यंत मुंबईत तारेखालून धावणाऱ्या विजेच्या ट्रॉलीबसही होत्या. आणि ज्या विजेच्या ट्रामने घोडे घालविले, तिलाही ३१ मार्च १९६४ रोजी डिझेलच्या बसने निरोप दिला. जो काल नवा म्हणून आला, तोच आज जुना म्हणून गेला.

पण वीज तारेतून येते हे उत्तर शाळेतल्या मुलालाही पुरत नाही. तारेत कोठून येते? मुंबईच्या गिरण्यांना खोपोलीच्या वीजघरातून वीज मिळू लागली १९१५ मध्ये. पुढे अधिक वीज हवी म्हणून मुळशीचे धरण ठरले, आणि मावळातील कित्येक गावांच्या भातखाचरांवर पाणी चढणार हे निश्चित झाले. १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते आणि त्यासाठी त्यांनी तुरुंगवास भोगला. सत्याग्रह हरला, धरण झाले. त्या वेळी पुण्यामुंबईच्या सुशिक्षितांत जो वाद झाला तो वाचताना अंगावर काटा येतो, कारण दोन्ही बाजू खोट्या नव्हत्या. मुंबईला वीज हवी होती हे खरे, आणि मावळ्याला जमीन हवी होती हेही खरे. फरक एवढाच, की वीज मिळाली ती एकाला आणि जमीन गेली ती दुसऱ्याची.

आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. तेथे सरकारी रेल्वेखात्याने १९३२ मध्ये सत्तावीस गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. हिंदुस्थानात सरकारने बस चालविण्याचे जे अगदी पहिले प्रयत्न झाले, त्यांत हा मोडतो. मागासलेला म्हणून ज्या मुलखाला नावे ठेवतात, तो या एका बाबतीत तरी मुंबई इलाख्याच्या पुढे होता. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा देशभर गाडीला कोळशाची भट्टी जोडून त्या गॅसवर मोटारी चालविल्या गेल्या. वाटेत थांबून भट्टी ढोसायची आणि गाडी दमली की उताऱ्यांनी खाली उतरायचे. इंधन बदलले की थोडी गैरसोय सोसावी लागते, ही गोष्ट आपल्या लोकांना कोणी नव्याने शिकवावयास नको.

मुंबई राज्याची पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, महामंडळाची ‘शिवाई’ ही विजेची बस त्याच मार्गावर सोडण्यात आली.

संगणकाची कथा याहून रंगतदार आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या माणसांनी स्वतः एक संगणक बांधला. तो १९६० मध्ये कामास लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे बारसे केले. त्याची स्मृती होती अवघी दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांची. आमच्या शाळेतला सामान्य मुलगासुद्धा पाढे, श्लोक आणि सिनेमाची गाणी मिळून याहून अधिक शब्द डोक्यात बाळगून असतो! पण त्या शब्दांवर तो यंत्रराज ज्या झपाट्याने आकडेमोड करी, ती माणसाच्या आवाक्यातली नव्हती. भीती उपजली ती तेथे.

त्याच दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक आणण्याचे ठरविले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी जोराचा विरोध केला. कलकत्त्यात तर संगणक इमारतीत येऊ नये म्हणून पहारे बसले. हा लढा अडाण्यांचा नव्हता. पदवीधरांच्या देशात कारकुनी हीच एक नोकरी, आणि तीच यंत्राने घेतली तर पोरांनी जावे कोठे, असा त्यांचा सरळ सवाल होता. केंद्र सरकारने या प्रश्नावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. बँकांत तर १९८३ मध्ये कर्मचारी संघटनांशी करार झाल्यावरच संगणकाला दार उघडले. सुरुवातीला तेथे आलेल्या यंत्रांना ‘लेजर पोस्टिंग मशीन’ म्हणत. संगणक या नावाचा धसका किती होता ते यावरून ध्यानात यावे. सून नको म्हणून हट्ट धरलेल्या घरात तिला पाहुणी म्हणून आणावे, तसाच हा प्रकार.

या कथेत आमच्या चाकूरचाही एक धागा आहे. येथे १९३५ मध्ये जन्मलेले शिवराज पाटील हे १९८३ नंतरच्या काळात केंद्रात विज्ञान-तंत्रज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स, अणुऊर्जा या खात्यांचे राज्यमंत्री होते. १९८४ च्या नोव्हेंबरात देशाचे नवे संगणक धोरण जाहीर झाले आणि संगणकाची आयात व निर्मिती सोपी झाली, तो हाच काळ. पुढे १९९१ ते १९९६ ते लोकसभेचे अध्यक्ष होते. त्या वर्षांत संसदेतील माहितीचे संगणकीकरण पुढे गेले आणि प्रश्नोत्तराचा तास घरबसल्या दूरदर्शनवर दिसू लागला. ज्या गावात तेव्हा टंकलेखनाचे यंत्रही अप्रूप होते, त्या गावच्या माणसाने हे खाते सांभाळले, याचा आम्हांला अभिमान वाटतो तो काही उगाच नव्हे. अमेरिकेने हवा तसा महासंगणक देण्यास नकार दिला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली, आणि अकोला जिल्ह्यातल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम’ तयार झाला. परक्याने नाही म्हटले की आपण जागे होतो, हा आपला जुना रोग म्हणा की गुण म्हणा.

मग शेवटी खरे कोणाचे ठरले? माझ्या मते अर्धे-अर्धे. संगणकाने देश बेकार होईल असे जे म्हणाले, त्यांचे खोटे ठरले. पुण्यात, हैदराबादेत याच यंत्रावर आमच्या भागातील शेकडो मुलेमुली पोट भरीत आहेत. पण कोणाचेच काही जाणार नाही असे जे म्हणाले, त्यांचेही खोटेच ठरले. तालुक्या-तालुक्याला टंकलेखनाचे वर्ग होते. दहावी-बारावी झालेला मुलगा साठ शब्दांचा वेग घेऊन कचेरीत चिकटत असे. ती शिडीच काढून घेतली गेली. नवी शिडी उभी राहिली खरी, पण ती पुण्याच्या भिंतीला, चाकूरच्या नव्हे. यंत्र काम नाहीसे करीत नाही, ते कामाचा गाव बदलते, असे मी माझ्यापुरते समजून घेतले आहे. आणि ज्याला गाव बदलता येत नाही, त्याच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक नसतो.

विजेच्या गाडीलाही हीच फूटपट्टी लावून पाहावी. महाराष्ट्र सरकारच्या २०२१ च्या धोरणाने विजेच्या वाहनांना उत्तेजन दिले. शहरातला धूर कमी होईल, हा लाभ निःसंशय मोठा. परंतु महाराष्ट्राची वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे, आणि कोळशाच्या वीजघराला पाणी लागते. आमच्या शेजारचे परळीचे औष्णिक वीजकेंद्र २०१५ मध्ये बंद ठेवावे लागले, ते कोळसा नव्हता म्हणून नव्हे, पाणी नव्हते म्हणून. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरकरांना प्यायला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. एका शेतकऱ्याने हे सारे ऐकून मला एका दमात हिशेब सांगितला : “गुरुजी, पाऊस नाही तर पाणी नाही, पाणी नाही तर लाईट नाही, लाईट नाही तर तुमची गाडी नाही. मग बैलच बरा की ओ!” सगळे हसले. पण मावळ्यांनी १९२१ मध्ये विचारलेला प्रश्न तो हाच. आता सूर्याच्या वीजेवर तोडगा निघतो आहे, आणि ऊन ही एक गोष्ट मराठवाड्यात कधी कमी पडलेली नाही. मात्र ती वीज शेतकऱ्याच्या पंपाला दिवसा आधी मिळते की मोटारीला, हे ठरविणारा सूर्य नसतो.

तेव्हा वाद चालू राहू द्यावा. ज्या गावात नव्या यंत्रावर कोणी भांडत नाही, त्या गावाच्या वतीने दुसराच कोणी निर्णय घेऊन मोकळा होतो. फक्त किती धावते आणि किती पैसे पडतात, या दोन प्रश्नांवर न थांबता तिसराही विचारावा, की यात कोणाचे काय जाणार आणि त्याची सोय काय. पेट्रोलच्या गाडीत झिजणारे भाग पुष्कळ, म्हणून रस्त्याकडेच्या छपराखाली फिटरचे दुकान चालते. विजेच्या मोटरीत ते फार थोडे. आमच्या शाळेतून सुटणारी कित्येक मुले आजही त्या छपराखालीच काम शिकावयास जातात. त्यांना बॅटरीचे आणि विजेच्या मोटरीचे काम जवळच्या आय.टी.आय.त आताच शिकता आले पाहिजे, दहा वर्षांनी नव्हे. मुंबईत विजेची ट्राम कोणत्या दिवशी सुरू झाली ते इतिहासाने तारखेसह लिहून ठेवले आहे. त्या नऊशे घोड्यांचे मोतद्दार दुसऱ्या दिवशी कोणत्या कामावर गेले, ते मात्र शोधूनही हाती लागत नाही. या खेपेस तरी तेवढी नोंद आपल्या वहीत असावी.